रीफरला गॅस नको, आंघोळ हवी

मार्च संपत आला की नाशिकच्या पिंपळगाव बसवंत, ओझर, मोहाडी या द्राक्षपट्ट्यात पॅकहाउसबाहेर रीफर गाड्यांची, म्हणजे माल थंड ठेवून नेणाऱ्या गाड्यांची, रांग लागते आणि त्या रांगेत कुणीतरी फोनवर सांगत असतं, "कूलिंग धरत नाहीये, गॅस संपला बहुतेक." मेकॅनिक येतो, गेज लावतो, थोडा गॅस सोडतो, पैसे घेतो. चार फेऱ्या बऱ्या जातात. पाचव्या फेरीला पुन्हा तेच.

गॅस म्हणजे डिझेल नव्हे. तो जळत नाही, वापरून संपत नाही. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि आतली कॉइल या बंद नळ्यांत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. कमी झालाच असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता वरून भरलेला गॅस त्याच भोकातून जाणार. पण गेज लावायच्या आधी बघण्यासारख्या कितीतरी गोष्टी नळ्यांच्या बाहेरच असतात, आणि त्या झाडू, ब्रश, पाणी आणि अर्ध्या तासात सुटतात. गाडीची देखभाल म्हणून जे करायचं त्यातला मोठा वाटा हा निव्वळ साफसफाईचा आहे.

डबा थंड करत नाही, थंड राखतो

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. वेलीवरून उतरलेली द्राक्षं दुपारी तीस-पस्तीस अंशांची असू शकतात. त्यांना शून्याच्या आसपास आणायचं काम प्रीकूलिंगच्या खोलीचं. तिथे मोठे पंखे थंड हवा पेट्यांमधून जोरानं ओढतात. गाडीवरच्या युनिटची, म्हणजे थंड करणाऱ्या यंत्राची, ताकद तेवढी नसते. भिंतीतून, दरवाजातून, जमिनीतून जी उष्णता आत झिरपते आणि माल स्वतः श्वसन करून जी थोडी सोडतो, तेवढी बाहेर फेकायला ते बनवलेलं असतं. गरम माल भरून "सेटिंग शून्यावर ठेवलंय, होईल थंड" म्हणणं म्हणजे थर्मासमध्ये कोमट चहा ओतून तो गार होण्याची वाट बघणं.

एवढं काम करायला युनिटला तीन गोष्टी मोकळ्या लागतात. बाहेरचा वारा कंडेन्सरमधून गेला पाहिजे, म्हणजे उष्णता बाहेर पडेल. आतला वारा कॉइलवरून निघून मालाभोवती फिरून परत आला पाहिजे. आणि कॉइलवर जमलेल्या पाण्याला बाहेर जायला वाट हवी. दोन वारे आणि एक पाणी. यातलं काहीही अडलं की समोरच्या पॅनलवर आकडा चढायला लागतो, आणि तीनही ठिकाणी लक्षण एकच दिसतं म्हणून दोष गॅसच्या माथी जातो.

युनिट कोणतं आहे तेही माहीत हवं. १४ ते २२ फुटी गाड्यांवर बहुधा डायरेक्ट ड्राइव्ह असतं, म्हणजे कॉम्प्रेसर गाडीच्याच इंजिनावर फिरतो. बंदराच्या रांगेत गाडी तासभर आयडलिंगवर उभी असेल तर कॉम्प्रेसरही रेंगाळत फिरणार आणि कूलिंग पडणार. यात बिघाड काही नाही. मोठ्या ट्रेलरच्या युनिटला स्वतःचं डिझेल इंजिन असतं. न्हावा शेव्याला जाणारा ४० फुटी रीफर कंटेनर विजेवर चालतो आणि रस्त्यात त्याला जनरेटर लागतो. पुढे जे लिहिलंय ते थोड्याफार फरकानं तिघांनाही लागू आहे.

बाहेरचा वारा

कंडेन्सर म्हणजे केबिनच्या वर किंवा डब्याच्या पुढच्या तोंडावर दिसणारी बारीक पत्र्यांची जाळी. कच्च्या रस्त्याची धूळ, बागेतला पाचोळा, कागदाचे कपटे आणि पावसाळ्यात किडे, सगळं तिथे जाऊन बसतं. जाळी बुजली की गॅसमधली उष्णता बाहेर पडत नाही, पुढच्या बाजूचा दाब वाढतो, कॉम्प्रेसर तापतो आणि एका मर्यादेला सुरक्षा-स्विच युनिट बंद करतो. थोड्या वेळानं ते आपोआप चालू होतं, पुन्हा बंद पडतं. एप्रिलच्या दुपारी हा खेळ रंगतो आणि रात्री सगळं ठीक चालतं. "दिवसा पकडत नाही, रात्री पकडतं" ही तक्रार ऐकली की आधी जाळी बघावी.

साफ करताना हवा किंवा पाणी वाऱ्याच्या उलट दिशेनं मारायचं. पंखा बाहेरून आत ओढत असेल तर आतून बाहेर. बाहेरून मारलं तर कचरा आणखी खोल जातो. प्रेशर वॉशरची टोकदार धार नको, पसरट नोझल लावा, किमान फूटभर लांब धरा आणि धार जाळीला सरळ काटकोनात ठेवा. तिरकी धार पत्रे आडवे पाडते आणि पडलेले पत्रे धुळीइतकाच वारा अडवतात. आडवे पडले असतील तर फिन कोंब नावाची स्वस्त फणी मिळते, तिनं केस विंचरावेत तसे सरळ करा. तेलकट थर असेल तर कॉइल क्लीनर वापरा, पण तो अ‍ॅल्युमिनियमला चालणारा आहे ना ते डब्यावर वाचून. हंगामात हे दर आठवड्याला, एरवी महिन्याला.

गाडी उभी असताना युनिट बाहेरच्या विजेवर (स्टँडबाय) चालवणाऱ्यांसाठी एक छोटी चाचणी. थ्री-फेजच्या प्लगमध्ये दोन फेज उलटसुलट जोडले गेले की मोटर उलटी फिरते. नव्या युनिटला हे स्वतःच कळतं, जुन्याला नाही. नव्या ठिकाणी प्लग लावला की कंडेन्सरवर कागदाचा तुकडा धरून बघा. वारा आत ओढणारा असेल तर कागद जाळीला चिकटला पाहिजे. उडून गेला तर वायरमनला बोलवा.

आतला वारा आणि पाण्याची वाट

ट्रकच्या बॉडीत हवा छताजवळून मागे फेकली जाते आणि मालाखालून, मालामधून पुढे परत येते. छताला लावलेली कापडी नळी (काही जण तिला शूट म्हणतात, काही नुसतं ताडपत्री) ही हवा शेवटच्या पेटीपर्यंत पोचवते. ती पुढेच फाटली तर सगळी थंडी पहिल्या दोन रांगांवर पडते. मग पुढच्या पेट्यांतले देठ गोठून काळे पडतात आणि दाराजवळचा माल कोमट राहतो. द्राक्षाचा मणी उणे दोनच्या आसपास गोठायला लागतो, सेटिंग शून्य किंवा उणे अर्ध्यावर असतं. म्हणजे चुकायला जागा दीड-दोन अंशांचीच. बंदरावर जाणाऱ्या कंटेनरमध्ये उलट असतं: हवा खालून, अ‍ॅल्युमिनियमच्या टी-आकाराच्या पट्ट्यांमधल्या नाल्यांतून येते आणि वरून परत जाते. त्या नाल्यांत पुठ्ठ्याचा एक तुकडा, पॅकिंग पट्टीचा एक वेटोळा अडकला की त्या रांगेवरचा माल उपाशी राहतो. झाडू त्या खाचेत शिरत नाही. हवेचा पाइप किंवा लांब पातळ ब्रश हवा, आणि तो पुढून मागे, दाराकडे ओढायचा.

आता पाणी. हवेतली वाफ थंड कॉइलवर हिम होऊन बसते. घाट उतरून उरणच्या दमट हवेत दार उघडलं की ही वाफ भसकन आत शिरते. नाशिकच्या कोरड्या हवेत दिवसभर दार उघडझाप केली तरी इतकं हिम धरत नाही. हिम साचलं की आतला वारा अडतो, म्हणून युनिट ठरावीक तासांनी डिफ्रॉस्ट करतं: हीटरनं किंवा गरम गॅसनं कॉइल तापवून हिम वितळवतं. ताज्या मालाला हा अंतराल चार ते सहा तासांचा ठेवतात. वितळलेलं पाणी कॉइलखालच्या ट्रेमध्ये पडतं आणि ड्रेनच्या नळीनं खाली जातं.

ही नळी तुंबते. द्राक्षाचे देठ, कांद्याची टरफलं, पुठ्ठ्याचा लगदा. मग ट्रे भरतो, पाणी परत गोठतं, बर्फ ट्रेपासून वर चढत कॉइल गिळतो. डिफ्रॉस्टनं कितीही तापवलं तरी पाण्याला वाटच नाही, म्हणून दर फेरीला बर्फ थोडा वाढतो. पुढच्या पेट्या भिजलेल्या सापडल्या तर कारण हेच समजा. तपासायला एक बादली कोमट पाणी ट्रेमध्ये हळूहळू ओता आणि दुसऱ्या माणसाला गाडीखाली उभं करा. नळीतून सलग धार पडली पाहिजे. थेंब थेंब पडत असेल तर नळी काढून धुवा. टोकदार सळई घालू नका, नळी आतून फाटते आणि पाणी भिंतीच्या फोममध्ये मुरायला लागतं. नळीच्या टोकाला बदकाच्या चोचीसारखं रबर असतं. पाणी आलं की ते उघडतं, एरवी मिटलेलं राहून गरम हवा आणि किडे बाहेर ठेवतं. ते कडक झालं की लोक कापून टाकतात. कापू नका, बदला.

बर्फाची ठेवण वाचायला शिकलात तर मेकॅनिकच्या अर्ध्या फेऱ्या वाचतील. पूर्ण कॉइल सारखी पांढरी झाली असेल तर वारा किंवा डिफ्रॉस्ट यांत दोष. फक्त गॅस शिरतो त्या टोकाशीच हिम आणि बाकी कॉइल कोरडी असेल, तर मात्र गॅस कमी किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह अडकलेला.

धुलाई

इथे घाई सर्वांत महाग पडते, म्हणून सविस्तर.

सुरुवात युनिटचा मेन स्विच बंद करून. ऑटो स्टार्ट-स्टॉपवर असलेलं युनिट न विचारता चालू होतं, आणि तेव्हा हात बेल्टजवळ किंवा पंख्यात असू नये. स्टँडबायचा प्लग काढा, तिथे ४१५ व्होल्ट असतात. आत माणूस जाण्यापूर्वी दार आतून उघडायची मूठ चालते का ते दार बंद न करता तपासा आणि एक जण बाहेर राहू द्या.

पहिलं काम कोरडं. जमिनीवरचा कचरा झाडून गोळा करा आणि बाहेर काढा. हा घंटागाडीचा माल आहे, गटारीचा नव्हे. ओला करून नळीनं ढकलला की तो ड्रेनमध्येच जातो. एक बादलीभर देठ गोळा करायला पाच मिनिटं लागतात. तेच ड्रेनमधून उपसायला दुपार जाते.

मग साधं पाणी, वरून खाली आणि पुढून मागे. छत, भिंती, शेवटी जमीन. दाराकडे सरकत यायचं, म्हणजे घाण पाणी धुतलेल्या भागावरून परत जात नाही. पाणी पिण्यायोग्य हवं. टँकरचं गढूळ पाणी मारून नंतर जंतुनाशक फवारण्यात अर्थ नाही. आधी दूध, पनीर, मासळी, चिकन असं काही गेलं असेल तर या पहिल्या पाण्याची फार काळजी घ्या. उकळतं पाणी मारलं की प्रथिनं अंड्यासारखी शिजून भिंतीला धरतात आणि मग ब्रशलाही दाद देत नाहीत. पहिलं पाणी साधं किंवा जेमतेम कोमट, चिकटपणा सोडवायला साबणाचं पाणी ४५ ते ५० अंश.

साबण न्यूट्रल किंवा सौम्य हवा. कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो. बुडबुडे येताना दिसतात तो हायड्रोजन, आणि जी झीज होते ती तुमच्या जमिनीची. कपड्यांचा धुण्याचा सोडाही तसाच, फक्त सावकाश. टाइल्स धुवायचं अ‍ॅसिड तर गाडीच्या आसपासही नको. वॉशिंग सेंटरवर ट्रकच्या चासीला जे मारतात तेच डब्यात मारायची सवय आहे. "आत फक्त साबण, तोही मी दिलेला" हे आधीच सांगून ठेवावं. २२ फुटी बॉडीला आतून वीसेक लिटर साबणपाणी पुरतं. खालून वर फवारा, म्हणजे ओघळांचे पट्टे पडत नाहीत. पाच ते दहा मिनिटं ठेवा, पण वाळू देऊ नका. एप्रिलमध्ये पत्रा तापलेला असतो, तेव्हा अर्धा डबा आधी, अर्धा नंतर. नायलॉनच्या ब्रशनं कोपरे, रबराच्या घड्या, दाराच्या बिजागऱ्या, जमिनीच्या खाचा घासा. तारेचा ब्रश भिंतीवर ओरखडे काढतो आणि पुढच्या वेळी घाण त्याच ओरखड्यांत बसते. मग भरपूर पाणी. प्रेशर वॉशर असेल तर सगळ्या धुण्याला मिळून दोनशे-अडीचशे लिटर. पंख्याची मोटर, सेन्सर आणि कंट्रोल बॉक्स यांच्यावर धार नको. कॉइलवर फक्त साध्या पाण्याची हलकी सर, पत्र्यांच्या रेषेत.

जंतुनाशक शेवटी, कारण घाण असेल तिथे क्लोरीन घाणीवरच खर्च होऊन जातं. सोडियम हायपोक्लोराइट बाजारात साधारण ५ टक्क्यांचं मिळतं, म्हणजे ५०,००० पीपीएम (दहा लाख भागांत ५०,००० भाग). आपल्याला लागतं २०० पीपीएम. हिशेब सरळ आहे: २० लिटर पाण्याला ८० मिली. १० टक्क्यांचं असेल तर ४० मिली. दुप्पट टाकून दुप्पट स्वच्छ होत नाही, दुप्पट गंज मात्र चढतो. कॅन उन्हात ठेवला असेल किंवा सहा महिने जुना असेल तर ताकद गेलेली असते, त्यामुळे तारीख बघून घ्या. बोअरचं जड, अल्कलीकडे झुकणारं पाणी असेल तर क्लोरीन मंद चालतं. त्याला सामू (पीएच) ६.५ ते ७.५ मानवतो. सामूच्या आणि क्लोरीनच्या कागदी पट्ट्या मिळतात, आणि एक पट्टी बुडवणं हे अंदाजापेक्षा स्वस्त आहे. हे द्रावण कॉइलवर मारायचं नाही. दहा मिनिटांनी भिंती आणि जमीन साध्या पाण्यानं धुऊन घ्या. आणि हायपोक्लोराइट कधीही अ‍ॅसिडमध्ये, टॉयलेट क्लीनरमध्ये मिसळू नका. बंद डब्यात क्लोरीन वायू सुटला तर पळायला एकच दार असतं.

वायपरनं जमिनीचं पाणी दाराकडे ओढा, चारही कोपऱ्यांतले ड्रेन उघडे आहेत ना ते बघा आणि दारं पूर्ण उघडून डबा अर्धा-एक तास वाळू द्या. हाच टप्पा सगळे गाळतात. ओला डबा बंद करून युनिट चालू केलं की ते सगळं पाणी कॉइलवर हिम होऊन बसतं आणि पहिलीच फेरी बर्फानं सुरू होते. वाळल्यावर युनिट अर्धा तास चालवा, मग हातानं डिफ्रॉस्ट द्या आणि खाली धार पडते का बघा. धुलाई झाली की नाही याचं खरं उत्तर त्या धारेत असतं.

कांदा किंवा लसूण नेल्यावर वास राहतो तो भिंतीत नव्हे, रबरात आणि जमिनीच्या सांध्यांत. सुगंधी फवारा मारून तो झाकला तर आईस्क्रीमच्या पेटीला कांदा आणि गुलाब असा दोन्हीचा वास येतो. रबर वेगळं धुवा आणि दारं उघडी ठेवून दिवसभर ऊन-वारा द्या.

धुण्याचं पाणी नाल्यात सोडू नका. इथल्या नाल्यांचं पाणी शेवटी गोदावरीलाच मिळतं. आणि प्रत्येक धुलाईची नोंद ठेवा: तारीख, आधीचा माल, काय वापरलं, किती. अन्नाची वाहतूक करणाऱ्यांना एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) २०११ च्या नियमांतलं स्वच्छतेबद्दलचं शेड्यूल ४ लागू होतं, आणि स्वच्छतेबद्दल विचारणा झाली तर तोंडी उत्तर चालत नाही.

द्राक्षाच्या हंगामाची खास कटकट

द्राक्षाच्या पेटीत बुरशी अडवायला सोडियम मेटाबायसल्फाइटचे पॅड ठेवतात. ओलाव्यात ते सल्फर डायऑक्साइड सोडतात. तोच वायू कॉइलवरच्या पाण्यात विरघळून सल्फ्युरस आम्ल होतो आणि तांब्याच्या नळ्या पोखरतो. एका फेरीनं काही होत नाही. जानेवारी ते एप्रिल साठ-सत्तर फेऱ्या झाल्या आणि मधे एकदाही कॉइल साध्या पाण्यानं धुतली नाही, तर पुढच्या हिवाळ्यात नळीच्या वाकणावर हिरवट डाग आणि सुईच्या टोकाएवढी गळती. "गॅस कमी झालाय" हे तेव्हा खरं असतं, पण कारण आठ महिने जुनं असतं.

म्हणून द्राक्षाची फेरी संपली की आत जाण्यापूर्वी दारं पंधरा मिनिटं उघडी ठेवा, डोळे चुरचुरतात. फाटलेल्या पॅडची पांढरी पूड खाचांत दिसली तर आधी ती पूर्ण धुऊन काढा. मेटाबायसल्फाइट क्लोरीनला मारतं. पाणी शुद्धीकरणात जास्तीचं क्लोरीन घालवायला तेच वापरतात. पूड राहिली तर तुमचं २०० पीपीएम जमिनीला टेकताच शून्य.

रबर, भिंत, इंजिन

थंड हवा जड असते. रबर फाटलं की ती दाराच्या तळातून बाहेर ओघळते आणि वरच्या फटीतून गरम हवा आत येते, चिमणीसारखी. दहाची नोट रबरात धरून दार बंद करा आणि ओढा. सहज निसटली तर ती जागा गळकी. दर फूटभर अंतरावर असं चारही बाजूंनी. रबराला सौम्य साबण आणि वर सिलिकॉनचा हात. डिझेल किंवा ग्रीस लावून ते मऊ करायची पद्धत आहे. महिनाभरात ते रबर फुगून लिबलिबीत होतं.

भिंतीतला पफ, म्हणजे उष्णता अडवणारा फोम, कोरडा असतो तोवरच तो पफ. पाणी उष्णता त्याच्या साधारण पंचवीसपट वाहतं. पेटीच्या कोपऱ्यानं पडलेलं एक भोक, एक सैल रिव्हेट, तिथून पाणी मुरतं आणि भिंत वजनदार होते. दमट पहाटे युनिट चालू असताना बाहेरून भिंतीकडे बघा. एखाद्याच ठिकाणी दव धरलं असेल तर आतला फोम भिजलाय. बोटाच्या पेरानं टकटक करा, पोकळ आवाज आला तर पत्रा सुटलाय. भोकं त्याच आठवड्यात सीलंटनं बुजवा.

इंजिनवाल्या युनिटचं फार सांगायचं नाही. तेल आणि फिल्टर किलोमीटरवर नाही, तासांच्या मीटरवर बदला, आणि किती तासांनी ते मॅन्युअल सांगेल. डिझेलच्या फिल्टरमधलं पाणी दर आठवड्याला सोडा. बेल्ट मधोमध अंगठ्यानं दाबला तर एक सेंटिमीटरच्या आसपास दबावा. उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, १२.४ च्या खाली गेली तर चार्ज करा.

आकड्यावर विश्वास किती ठेवायचा

पॅनलवरचा आकडा म्हणजे सेन्सरचं म्हणणं. ते तपासायला स्टीलच्या तांब्यात कुटलेला बर्फ भरा, त्याच्या फटी भरतील इतकंच पाणी घाला, ढवळा, दहा मिनिटं सेन्सर किंवा थर्मामीटर मधोमध धरा. ० दिसलं पाहिजे. अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक असेल तर द्राक्षासाठी तो सेन्सर नालायक. उकळत्या पाण्यानं तपासायच्या भानगडीत पडू नका. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, इथे पाणी ९८ अंशांलाच उकळतं आणि चांगला थर्मामीटर उगाच बदनाम होतो.

दुसरी चाचणी गाडीची स्वतःशीच. डबा स्वच्छ, रिकामा, दार बंद. बाहेर ३० अंश असताना आतला आकडा शून्यावर यायला किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा. दुसऱ्या गाडीशी तुलना नको, बॉडी आणि युनिट वेगळं असतं. तीच गाडी, तसंच तापमान, आणि वेळ दीडपट झाली तर काहीतरी बिघडलंय. ही नोंद डिसेंबरात, हंगामाच्या आधी घ्यायची तर दुपारी घ्या. जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर येतो तेव्हा अर्धमेलं युनिटही शून्य सहज धरतं, सगळे दोष झाकले जातात, आणि ते बाहेर पडतात एप्रिलमध्ये, भरलेल्या गाडीसह.

आणि खरंच गॅस कमी असेल तर

कंडेन्सर स्वच्छ, कॉइल मोकळी, रबर घट्ट, ड्रेन वाहता, पंखे सरळ फिरणारे. एवढं बघूनही थंडी येत नसेल तर गॅस. साइट ग्लासमध्ये, म्हणजे नळीवरच्या काचेच्या खिडकीत, युनिट स्थिर चालू असताना सलग बुडबुडे दिसतील, नळीच्या सांध्यांवर तेलाचे डाग दिसतील. गॅससोबत तेलही फिरत असतं, म्हणून जिथे तेलकट धूळ बसलीय तिथे साबणाचा फेस लावा, फुगे येतील. आधी गळती बंद, मग ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा फिल्टर) बदल, व्हॅक्युम, आणि मगच भरणं. भरताना मेकॅनिकच्या सिलिंडरखाली वजनकाटा हवा. किती किलो ते युनिटच्या पाटीवर लिहिलेलं असतं. "हात लावून अंदाज येतो" म्हणणाऱ्याला नम्रपणे काटा आणायला सांगा. आर-४०४ए हा गॅस म्हणजे तीन वायूंचं मिश्रण आहे. ते द्रवरूपातच भरावं लागतं, नाहीतर हलका भाग आधी निघून मिश्रण बिघडतं. आणि उरलेला गॅस हवेत फुस्स करून सोडू देऊ नका. हा १ किलो गॅस तापमानवाढीच्या हिशेबात सुमारे ३.९ टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा आहे. असे वायू टप्प्याटप्प्यानं कमी करायच्या किगाली दुरुस्तीला भारतानं २०२१ मध्ये मान्यता दिली, त्यामुळे त्याचा भाव उतरण्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

हंगाम संपून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर डबा धुऊन, पूर्ण वाळवून, दारांच्या मध्ये लाकडाचा ठोकळा घालून बोटभर फट ठेवा. बंद दारामागे रबर दाबून चपटं होतं आणि बुरशी धरते. ठोकळ्यावर बारीक जाळी लावा, नाहीतर जूनमध्ये आत उंदराचं घर सापडेल. आणि आठवड्यातून एकदा युनिट पंधरा-वीस मिनिटं चालवा. उभ्या कॉम्प्रेसरचं शाफ्ट सील तेलाविना सुकतं, आणि मग गॅस खरोखरच जातो.